विमानकंपनीची क्रेडिट कार्डे: वार्षिक फी भरून ठेवावीत की बंद करावीत?

प्रश्न: भांडुपकर

नमस्कार. माझ्याकडे विमानकंपन्यांशी जोडलेली दोन क्रेडिट कार्डे आहेत. एकाची वार्षिक फी १०,००० रुपये, दुसऱ्याची ३,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की वर्षाला १५,३४० रुपये जातात. मोठे कार्ड घेतले तेव्हा दर वर्षी एक मोफत तिकीट मिळत असे. ती सवलत गेली, फी मात्र जागच्या जागी आहे. आमचा प्रवास म्हणजे नागपूरला सासुरवाडीच्या दोन फेऱ्या आणि क्वचित गोवा. कार्यालयीन दौऱ्यांची तिकिटे कंपनीच काढते. मोठ्या कार्डाचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. खात्यात २४,००० माइल्स (कार्डावरील खर्चावर जमणारे, तिकिटासाठी वापरता येणारे गुण) पडून आहेत आणि कार्ड सोडले तर ते बुडतील, असे पत्नीचे म्हणणे आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १: हिशेबनीस

माइलची किंमत आपण खरोखर काढणार असलेल्या तिकिटावरूनच ठरवावी. मी गेल्या ऑगस्टमध्ये नागपूरचेच तिकीट पाहिले होते. रोखीने ५,२०० रुपये. तेच माइल्सवर घ्यायचे तर ६,००० माइल्स आणि वर करांचे व शुल्काचे ९०० रुपये. म्हणजे ६,००० माइल्सनी ४,३०० रुपये वाचले, माइलमागे साधारण ७२ पैसे. तुम्हाला मोठ्या कार्डावर वर्षाला १२,००० माइल्स मिळत असतील, तर त्यांचे मोल ८,६०० रुपयांच्या आसपास भरते, आणि जीएसटीसह फी आहे ११,८००. शिवाय तोच खर्च फी नसलेल्या कॅशबॅक कार्डावर केला असता तर काही रक्कम हाती आलीच असती, तीही वजा करायला हवी. पडून असलेले २४,००० माइल्स या हिशेबात धरू नका, कारण ते मागच्या फीचे आहेत. (विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी निघून सकाळी नागपूरला पोहोचवते, हेही सासुरवाडीच्या हिशेबात असू द्यावे.)

उत्तर २: विलेपार्ले पूर्व

वहिनींची शंका अर्धी बरोबर आहे. माइल्स विमानकंपनीच्या खात्यात पोहोचले असतील तर कार्ड बंद केल्याने सहसा जात नाहीत, मात्र त्यांची मुदत तपासावी. माइल्समध्ये न बदलता बँकेकडेच पडलेले रिवॉर्ड पॉइंट्स बहुधा कार्डाबरोबर संपतात, म्हणून ते आधी वापरावेत. तसे माइल्स वर्षानुवर्षे साठवण्याची वस्तू नव्हेच. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली; विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्तारा या तिच्या माइल्स योजनेच्या सभासदांना दुसऱ्या योजनेत जावे लागले. कार्ड घेताना वाचलेल्या अटी दहा वर्षे तशाच राहतील, असे मानून चालत नाही.

कार्डावर विमानतळावरील लाउंजमध्ये (विश्रांतीकक्षात) मिळणाऱ्या प्रवेशाचेही तेच. अनेक कार्डांवर आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच प्रवेश मिळतो. मी स्वतः मुंबई विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) वरच्या लाउंजच्या दारातून परत आलो आहे. बाहेर पैसे देऊन खाल्लेला उपमा त्या वर्षी मला फीसकट भलताच महाग पडला.

उत्तर ३: ठाणेकर काकू

बंद करण्यापूर्वी बँकेला फोन करून फी माफ होते का, किंवा फी नसलेले कार्ड बदलून मिळते का, ते विचारा. ते कार्ड तुमचे सर्वांत जुने असेल आणि नजीकच्या काळात गृहकर्ज घ्यायचे असेल, तर थोडे थांबा. कार्डांची एकूण पतमर्यादा घटली की उरलेल्या कार्डांवरील वापराचे प्रमाण वाढते आणि सिबिल स्कोअरला (कर्ज देताना बँका पाहतात त्या पतगुणांकाला) धक्का बसू शकतो. बंदच करायचे ठरले तर सर्व थकबाकी भरून ईमेलने लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे, अन्यथा येणे बाकी नसल्यास बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. विजेचे बिल त्या कार्डावरून आपोआप जात असेल तर ते आधी हलवा. आमच्याकडे ते राहून गेले आणि बिल थकले.

भांडुपकर

सर्वांचे आभार. फोन केला; मोठ्या कार्डाची फी माफ होणार नाही, असे कळले, म्हणून ते बंद करण्याचा ईमेल आज पाठवला. छोट्याचे नूतनीकरण दिवाळीनंतर आहे, तेव्हा हाच हिशेब त्यालाही लावीन. २४,००० माइल्समधून मे महिन्यातील नागपूरची चार तिकिटे शोधतो आहे. दोन मिळाली, परतीची अजून दिसत नाहीत.