मदत हवी आहे : तलावाकाठची भिंत पडतेय, सरकारी निधी कसा मिळवायचा?

पाळेवरचा
आमच्या गावात तलावाला लागून जुनी दगडी भिंत आहे. मागच्या पावसाळ्यात तिला पोट आलं होतं, परवाच्या पावसात सुमारे ४० फूट भाग पाण्यात गेला. वरच्या रस्त्याने शाळेची मुलं जातात. सध्या फक्त दोरी बांधली आहे. ग्रामपंचायत म्हणते निधी नाही, पंचायत समिती म्हणते जिल्हा परिषदेत जा, तिथून पुन्हा ग्रामपंचायतीत पाठवलं. योजना कोणती आणि अर्ज कुणाच्या नावे, एवढंच सांगा. पाऊस थांबलेला नाही.

रानवाट
जिल्हा कोणता? तलाव कुणाचा? भिंतीची लांबी-उंची?

पाळेवरचा
भंडारा. तलाव गावाचाच, आणखी कुणाचा असणार? भिंत २०० फूट असेल, उंची माणसापेक्षा जास्त.

जुना शाखा अभियंता
"गावाचाच" म्हणून फाईल पुढे सरकत नाही. सातबारा काढा. भंडारा म्हणजे बहुधा माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या काळातला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारजमा झाले. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असेल तर तो जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतो. दुसऱ्याच्या मालमत्तेवर ग्रामपंचायतीने खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, म्हणून तुम्हाला फिरवतात. आता मुख्य प्रश्न : भिंत तलावाची की गावठाणाची?

श्रमदानी
एवढं कशाला? रोजगार हमीत बसवा. आमच्या गावची पाळ (तलावाचा मातीचा बांध) तशीच झाली.

जुना शाखा अभियंता
रोजगार हमीत खर्च मजुरीवर ६० टक्के, साहित्यावर ४०. मातीच्या पाळीला हे जमतं. दगडी भिंतीत साहित्याचाच खर्च जास्त.

श्रमदानी
प्रमाण एका कामावर बघत नाहीत, सगळी कामं मिळून बघतात. झाडं लावा, शेततळी घ्या, आपोआप बसतं. आधीच नाही म्हणू नका, लोक खचतात.

जुना शाखा अभियंता
एकत्रित बघतात हे मान्य. पण ठेकेदार लावता येत नाही आणि मजुरांचं काम यंत्राकडून करून घेता येत नाही. पाण्यात उभं राहून माणसांकडून पाया खोदून घ्यायचा का? मी नाही घेणार.

किनारा
मालवणजवळच्या धामापूर तलावाचं बघा. १५३० साली बांधलेला, २०२० मध्ये जागतिक सिंचन वारशाच्या यादीत आला. तुमचाही जुना असेल तर वारसा म्हणून प्रस्ताव करा.

पाळेवरचा
वारशाला वर्षं लागतील. भिंत आत्ता पडतेय.

शिवारफेरी
'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'मध्ये अर्ज करा. शेतकऱ्यांना गाळ मिळतो, तलावात पाणीही वाढतं.

पाळेवरचा
मी भिंतीचं विचारतोय! गाळ दोन वर्षांपूर्वीच काढला, जेसीबीने अगदी भिंतीपर्यंत.

जुना शाखा अभियंता
हे आधी सांगायला हवं होतं. पायथ्याची माती भिंतीला टेकू देते, ती निघाली तर पाया उघडा पडतो. वर पावसात मागची माती भिजून भिंतीला पुढे ढकलते. निचऱ्याची छिद्रं उघडी आहेत का?

पाळेवरचा
होती. गिलावा केला तेव्हा बुजली. वस्तीची नालीही भिंतीच्या मागूनच जाते.

जुना शाखा अभियंता
मग नुसते पडलेले ४० फूट बांधून घेऊ नका, शेजारचे पडतील. अंदाजपत्रकात चार गोष्टी मागा : पायथ्याला दगडी पिचिंग (माती वाहू नये म्हणून रचलेले दगड), भिंतीमागे खडी-मुरमाचा थर, छिद्रं आणि नालीचं वळण.

संध्याकाळ
आमदार निधीतून सुशोभीकरण करून घ्या. आमच्याकडे पेव्हर, बाकडी, दिवे झाले, संध्याकाळी छान गर्दी असते.

रानवाट
पाया नसलेल्या भिंतीवर बाकडी टाकून माणसं बसवायची?

ढिवरवाडा
मासेमारी संस्थेकडे तलावाचा ठेका असेल तर त्यांना आधीच बोलवा. बांधकामाला पाणी उतरवाल, त्यात सोडलेलं मत्स्यबीज जातं. आमच्या वाडीने एकदा हे नुकसान सोसलं आहे, कुणी विचारलंही नव्हतं.

शिवारफेरी
बेशरमीची झुडपं फार माजली का हो तिकडच्या तलावांत? आमच्या लहानपणी शिंगाडे निघायचे.

ढिवरवाडा
निघतात अजून. पण काठ बेशरमीने भरलेत, डोंगा न्यायला वाट राहत नाही.

पाळेवरचा
सातबारा काढला. तलाव शासनाचाच. भिंत आणि रस्ता मात्र गावठाणात येतात असं तलाठी म्हणाले, पण मोजणी झालेली नाही.

जुना शाखा अभियंता
मग दोन अर्ज आजच द्या. एक तहसीलदारांना : अतिवृष्टीने सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, पंचनामा करावा. दुसरा लघु पाटबंधारेच्या कार्यकारी अभियंत्यांना : स्थळपाहणी करून अंदाजपत्रक करावं. दोन्हींवर पोच घ्या. मोजणीत भिंत गावठाणात निघाली तर कामाचं नाव "तलाव दुरुस्ती" लिहू नका, "गावठाणालगत संरक्षक भिंत" लिहा. त्या नावाने जिल्हा वार्षिक योजना किंवा आमदार निधीत मागता येतं. "तलाव दुरुस्ती" लिहिलंत की तोच कागद पुन्हा पाटबंधारेच्या टेबलावर जातो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या, काम गावाच्या विकास आराखड्यात घाला. आराखड्यात नसेल तर वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) पैशालाही हात लावता येत नाही.

श्रमदानी
ठरावाला माणसं जमवा. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली तर ठराव लांबणीवर पडेल. भिंतीमागची नाली वळवायला मात्र कुणाची वाट बघू नका, ते गावाने एका दिवसात करावं.

जुना शाखा अभियंता
हे खरं. नाली आधी.

पाळेवरचा
नाली काल वळवली, पंधरा जण आले. पंचनामाही झाला, त्यात ४० फूट लिहिलं. पण रात्री आणखी दहा-बारा फूट गेली. पुन्हा पंचनामा मागायचा की त्यातच वाढवून देतात?

जुना शाखा अभियंता
पुन्हा मागा, लेखी. तारीख दिसेल असे फोटो जोडा. शाळेची मुलं कुठून जातात आता?

पाळेवरचा
पाळेवरून, लांबच्या वाटेने. एक माणूस रोज सोबत असतो.