हॅलोविनला शिक्षिकेसाठी स्वस्त वेष?

प्रश्न: ३१ ऑक्टोबरला शाळेत वेष करायचा आहे. पणजीत राहते, शिवण येत नाही. खर्च कमीत कमी हवा.

उत्तर १: पेन्सिल व्हा. पिवळा कुर्ता आणि कार्डशीटची टोपी. १९ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ गुंडाळा, कडा २ सेंमी एकमेकींवर घ्या. ५७ सेंमी डोक्याला बसते. टोक काळं रंगवा. नुसत्या गोंदावर विसंबू नका, आपल्या दमट हवेत जोड सुटतो. स्टेपल मारून आतून टेप लावा, नाहीतर केस अडकतात.

उत्तर २: त्यापेक्षा आठ पायांचा कोळी. काळे कपडे, जादा पाय म्हणून चार लांब मोजे, आत चिंध्या (कागद मोडतो). दोन्ही कुशींना दोन-दोन मोजे पिनांनी लावा, टोकं तंगुसाने (मासे धरायच्या नायलॉन दोऱ्याने) मनगटांना बांधा. हातांबरोबर पाय हलतात. फळ्यावर लिहायच्या हाताचा तंगूस सैल हवा.

उत्तर ३: चादरीचं भूत नको, जिन्यात पाय अडकतो. नरकासुराचा मुखवटाही नको, शिकवलेलं ऐकू जाणार नाही!