'विद्यार्थीनी', 'विद्यार्थ्यांनी' की 'विद्यार्थिनींनी'? नोटिशीत नेमकं काय लिहायचं?

सराफ्यातला_गरीब

नमस्कार मंडळी, माझं शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमात झालं, घरी मराठीच, त्यामुळे बोलायला अडत नाही पण लिहायला बसलं की घाम फुटतो. सध्या पुण्यात एका कॉलेजच्या ऑफिसात लागलोय आणि नोटिसा टाईप करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इथला रिवाज असा की जुनी फाईल उघडायची, तारीख बदलायची, प्रिंट काढून बोर्डावर लावायची. तर मागची नोटीस अशी होती:

"द्वितीय वर्षाच्या सर्व विद्यार्थीनी परीक्षा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरावेत."

शुक्रवारी खिडकीवर सगळ्या मुलीच, आणि सोमवारी मुलं लेट फी माफ करा म्हणून उभी. एकाने तर मोबाईलमध्ये नोटिशीचा फोटोच दाखवला, म्हणे सर यात फक्त मुलींना सांगितलंय. हेडक्लार्क म्हणतात पोरगा आगाऊ आहे, इतकी वर्षं हीच नोटीस लागते, कुणाला काही कळलं नाही असं झालं नाही. मला मात्र पोराचं पटतंय.

बरोबर काय ते सांगा प्लीज. आणि आमच्याकडे हिंदीत छात्र-छात्राएँ लिहितात तसं इथे 'छात्र' चालेल का, की 'महाविद्यालयीन विद्यार्थी' असंच लिहायचं? एसवायच्या मुलांना 'पदवीधर विद्यार्थी' म्हणतात का? एका फाईलमध्ये तसंही सापडलं.

प्रूफवाला_काका

पोरगा आगाऊ असेलही पण मुद्दा त्याचाच बरोबर आहे. 'विद्यार्थीनी' असा शब्दच मराठीत नाही, त्यामुळे वाचणारा आपल्या सोयीने अर्थ लावतो, मुलींनी तो 'विद्यार्थिनी' वाचला आणि मुलांनी पण तोच वाचला, फक्त फायदा वेगवेगळा घेतला 😄

'विद्यार्थी' पुल्लिंगी ईकारान्त, प्रत्यय लागायच्या आधी त्याचं 'विद्यार्थ्या' होतं. कर्मचारी-कर्मचाऱ्याने, अधिकारी-अधिकाऱ्याला, मंत्री-मंत्र्याचा, तसंच विद्यार्थी-विद्यार्थ्याने. हे तुम्ही बोलताना रोज करताच, 'अधिकारीनी सही केली' असं काही म्हणत नसाल. अनेकवचन झालं की थ्या वर अनुस्वार, विद्यार्थ्यांनी, विद्यार्थ्यांना, विद्यार्थ्यांसाठी. हा अनुस्वार शोभेचा नाही बरं का. 'गैरहजर विद्यार्थ्याच्या पालकांनी भेटावे' म्हणजे एकाच पोराचे आईबाप, 'विद्यार्थ्यांच्या' म्हटलंत की अख्ख्या वर्गाचे येऊन उभे राहतील.

मुलींसाठी 'विद्यार्थिनी', थि ऱ्हस्व. मूळ संस्कृत विद्यार्थिन्, त्याला स्त्रीलिंगी ई लागून झालेला शब्द. लक्षात ठेवायला योगी-योगिनी धरा, योगीनी कुणी लिहीत नाही. एक असो वा शंभर, शब्द तोच राहतो, फरक क्रियापदात कळतो: विद्यार्थिनी आली, विद्यार्थिनी आल्या. पण नोटिशीत 'यांनी हे करावं' सांगायचं तर प्रत्यय पाहिजेच, म्हणून 'विद्यार्थिनींनी'. म्हणजे तुमची जुनी नोटीस नुसती मुलींसाठी असती तरी चूकच होती.

आणि 'फॉर्म भरावेत' का? प्रत्येकाने एकच भरायचाय ना? मग 'फॉर्म भरावा'. ते क्रियापद फॉर्मकडे बघून चालतं, विद्यार्थी किती आहेत त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'हजर राहावे' मध्ये तर कर्मच नाही, तिथे शंभर जण असले तरी 'राहावे'च, 'राहावेत' नाही.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अमरावतीकडं विचाराल तं विद्यार्थी हा शब्द फक्त बोर्डावर अन् बोनाफाईडवर भेटते, बाकी सारे पोट्टे. "कॉलेजातल्या पोट्ट्यायनं फॉर्म भरा" असं लिवलं असतं तं एक बी पोट्टा सुटला नसता.

जोक अपार्ट, बोलायच्या भाषेत महाविद्यालयीन वगैरे कोणीच म्हणत नाही. "तो एसवायला आहे", "टीवायची पोरगी", "कॉलेजची मुलं" बस. अन् ते पेपरात येते ना 'कॉलेजकुमार', ते टिंगलीच्या जवळ जाणारं वाटते मले, गाडीवर ट्रिपल सीट पकडला की कॉलेजकुमार, मेरिटमध्ये आला की विद्यार्थी.

तास_संपला

वरती विभक्तीचं छान सांगितलंय, मी उरलेल्या दोन शब्दांबद्दल बोलते. आयुष्य ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवण्यात गेलं आहे तेव्हा जरा मास्तरणीसारखं वाटलं तर चालवून घ्या.

'छात्र' मराठीत चुकीचा नाही पण त्याची जागा ठरलेली आहे. एनसीसी म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, तिथला कॅडेट तो छात्र. बी.एड. करणारे ते छात्राध्यापक. तुमच्या बोर्डावर 'सर्व छात्रांनी' लिहिलंत तर एनसीसीची मुलं परेड आहे समजून ग्राउंडवर जातील.

'पदवीधर विद्यार्थी' मात्र एसवायच्या मुलांना अजिबात लावू नका. पदवीधर म्हणजे ज्याच्या हातात पदवी आली तो. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधर मतदारसंघांच्या असतात, तिथे मतदार व्हायला नुसती पदवी पुरत नाही, ती मिळून ३ वर्षं झालेली असावी लागतात. तुमची मुलं 'पदवी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी'. एम.ए., एम.कॉम.वाली 'पदव्युत्तर'. काही जण ते 'पदवीत्तर' लिहितात, तसं नाही, पदवी अधिक उत्तर म्हणून पदव्युत्तर.

'महाविद्यालयीन विद्यार्थी' बरोबरच आहे, पण महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग पण कनिष्ठ महाविद्यालय म्हणवतात. तुमच्याकडे दोन्ही एकाच आवारात असतील तर अकरावीतली मुलं पण तुमच्या खिडकीवर येतील. त्यापेक्षा वर्ष आणि शाखा लिहा, द्वितीय वर्ष वाणिज्य, काम झालं. आपल्याच बोर्डावर 'महाविद्यालयीन' लिहायची गरजही नसते, तिथे दुसरं कोण वाचणार आहे.

सराफ्यातला_गरीब

काका, ताई, ठेचा भाऊ, तिघांचेही आभार. नवीन मसुदा टाकतोय, बघा:

"द्वितीय वर्ष वाणिज्य शाखेच्या सर्व विद्यार्थी व विद्यार्थिनींनी परीक्षा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरावा. विद्यार्थीगृहात राहणाऱ्यांनी पत्त्याचा पुरावा जोडावा."

प्रूफवाला_काका

आता कसं! पहिल्या वाक्यात 'विद्यार्थी व विद्यार्थिनींनी' चालतं, शेवटच्या शब्दाचा प्रत्यय दोघांना लागतो. पण ज्या पोराने फोटो काढून ठेवला तो पुन्हा काढेल, तर 'विद्यार्थ्यांनी व विद्यार्थिनींनी' असं दोन्हीकडे प्रत्यय लावूनच टाका, कोर्टात गेलं तरी टिकेल.

'विद्यार्थीगृहात' ऐवजी 'विद्यार्थिगृहात', थि ऱ्हस्व. साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे असे शब्द समासात आधी आले की ऱ्हस्व लिहायचे. मंत्री पण मंत्रिमंडळ, पक्षी पण पक्षिमित्र, तसं विद्यार्थी पण विद्यार्थिगृह.

सदाशिवपेठी_सायकल

काका नियम मान्य, पण पुण्यात १९०९ पासूनची 'पुणे विद्यार्थी गृह' ही संस्था नावात दीर्घच लिहिते आणि दोन शब्द तोडून लिहिते. विद्यापीठातलं 'विद्यार्थी विकास मंडळ' पण तसंच. मग ते काय सगळे अशुद्ध?

प्रूफवाला_काका

अशुद्ध कोण म्हणालं? महामंडळाच्या १४ नियमांना सरकारची मान्यता मिळाली १९६२ ला, पुढचे ४ आले १९७२ ला, संस्था त्याच्या कितीतरी आधीची. विशेषनाम ज्याचं त्याने ठेवलं तसंच लिहायचं, त्यात प्रूफरीडरने पेन घालायचं नसतं. बाकी सामान्यनाम असेल तर नियम.

तास_संपला

खरं सांगू का, या नोटिशीत 'वसतिगृह' लिहून मोकळे व्हा. मुलंही तेच म्हणतात. फक्त ति ऱ्हस्व ठेवा, 'वसतीगृह' नको, नाहीतर काका परत येतील.

वऱ्हाडी_ठेचा

हे सारं झालं, पण त्या पोट्ट्यायची लेट फी माफ झाली का नाही?

सराफ्यातला_गरीब

झाली. हेडक्लार्क साहेबांनी हा धागा वाचला, काही बोलले नाहीत, प्राचार्यांच्या सहीसाठी अर्जांचा गठ्ठा माझ्याच हातात दिला. त्यातल्या निम्म्या अर्जांवर 'आम्ही सर्व विद्यार्थीनी विनंती करतो की' असं लिहिलंय, आणि खाली सह्या सगळ्या मुलांच्या.