सरपंचाला मत देण्याआधी डोंगराचं विचारा

बालाघाटी: आमच्याकडं ग्रामपंचायतीचं वारं तापायलंय. दोन पॅनल आहेत आणि दोघांच्या पत्रकावर तेच: पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, सभामंडप. डोंगराबद्दल एक ओळ नाही. त्याच डोंगराच्या पायथ्याला खोदायला पोकलेन मशिनी लागल्यात, रात्रभर हायवा ट्रक पळतात. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी धरून ठेवतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. मुरूमच खरवडून नेला तर पाऊस जिरणार कुठं? खडी फोडायच्या क्रशरच्या खालच्या अंगाचा कापूस बघा, नुसती धूळ. पानावरून बोट फिरवलं तरच हिरवं दिसतं. वेचणीच्या बाया त्या रानात यायला जास्तीचे पैसे मागतात.

जो उमेदवार बॉन्डवर लिहून देईल की ग्रामसभेनं मंजूर केल्याशिवाय क्रशरला, खाणीला, प्लॉटिंगला ना-हरकत देणार नाही, मत त्यालाच. बाकी पेव्हर ब्लॉक कोणीबी बसवतो.

रोकडा सवाल: बॉन्डला कोण विचारतं हो? गौण खनिजाचा (मुरूम, खडी, वाळू) परवाना तहसीलातून नाहीतर जिल्ह्यावरून, गावठाणाबाहेरचं एनए, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करणं, महसूलकडं. सरपंचाच्या हातात शिक्का सोडून काय आहे? आणि ज्यांची जमीन रोडला लागून आहे त्यांचं बी ऐका. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं, वर सोसायटीचं कर्ज. एक एकर प्लॉटिंगला दिलं म्हणून आमच्या घरचं देणं फिटलं. गावची पोरं हायवावर ड्रायव्हर आहेत, पोकलेनवर ऑपरेटर आहेत. ते बंद केलं तर दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर पाठवायचं का त्यांना? डोंगर राहील, गाव रिकामं होईल.

सिंदफणाकाठ: रोजगाराचं खरं आहे, ते उडवून लावू नका. पण आमच्या सिंदफणा नदीचं ऐका. वाळू होती तोवर पात्रात झिरा खोदला की हाताला पाणी लागायचं. वाळू गेली, आता पात्रात वेड्या बाभळी. 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरच्या खाली बोअर घ्यायला बंदी आहे, म्हणजे साधारण 200 फूट. आमच्या शिवारात तेवढ्यावर धूळ निघते, म्हणून सगळेच त्याच्या दुप्पट-तिप्पट खाली जातात. हायवावरच्या पोराचा पगार शेवटी बापाच्या बोअरमध्येच जातो.

बालाघाटी: @रोकडा सवाल, परवाना वरून निघतो, कबूल. पण फाईलला गावचा कागद जोडलेला असला की साहेबाला सही करायला सोपं जातं, आणि तो कागद कसा तयार होतो ते बघितलंय का? ग्रामसभेला गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, 15 टक्के मतदारांची किंवा 100 जणांची, जे कमी असेल ते. तेवढी माणसं येत नाहीत, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा जण पारावर बसतात, प्रोसिडिंग लिहिलं जातं, अंगठे नंतर गोळा होतात. वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्यायच्या असतात. आपल्यातले कितीजण जातात?

गायरानावरच्या अतिक्रमणाचं तर उघड आहे. सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 53 नं पंचायतीला दिलाय. 2011 ला सुप्रीम कोर्टानंही गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. सरपंच करत नाही, कारण अतिक्रमणवाल्यांची मतं लागतात.

बचत गटवाली: तुम्ही सगळे पुरुष-पुरुष बोलायलात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, आमच्याकडं ती कागदावरच होते. सरपंच बाई आहे आणि खुर्चीवर तिचा नवरा. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा आमच्या गावात टँकरभोवती हंडे घेऊन कोण भांडत होतं? पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिलेले होते, त्याचा हिशेब बाईला विचारला तर म्हणते, "ह्यांना माहिती."

रोकडा सवाल: ताई, हिशेबाचं पटलं. बॉन्डचं अजून पटत नाही. दोन्ही पॅनलच्या गाड्यांत डिझेल क्रशरवालाच टाकायलाय. निवडून कोणीबी आला तरी पहिला हार त्याचाच.

बालाघाटी: मग तिसरं पॅनल उभं करायचं का? फॉर्म भरायला दिवस आहेत अजून. ताई, तुमच्या गटातून कोणी उभं राहील का, तेवढं सांगा.

बचत गटवाली: दोघी तयार आहेत. एकीच्या घरच्यांचं क्रशरवर पोट आहे, तिचं अडलंय.