जुनी रॅले सायकल चार हजारांत चालती करायची आहे, कोल्हापुरात कुठून सुरुवात करू?

घाटाकाठ

नमस्कार मंडळी. घरातली जुनी रॅले बाहेर काढली आहे. २४ इंची फ्रेम, रॉड ब्रेक, एकच फ्रीव्हील, पुढच्या बॅजवर बगळा. अवस्था अशी: टायर-ट्यूब संपलेत. दोन्ही रिमवर गंज आहे, पण भोक पडलेलं दिसत नाही. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘कट’ असा आवाज येतो. सीटची नळी फ्रेममध्ये अडकली आहे. काळा रंग बराच शाबूत असून सोनेरी रेघा अजून दिसतात.

मजुरी धरून चार हजार खर्चायची तयारी आहे. शोसाठी नाही, रोज सात-आठ किलोमीटर चालवायची आहे. एका दुकानात सांगितलं की आधी सगळी खरवडून पावडर कोटिंग करा, मग बाकीचं बघू. तसंच करू का?

रॉडब्रेक

अजिबात नको. पावडर कोटिंगला फ्रेम उघडी करून ब्लास्टिंग करतात, त्यात रेघा आणि बॅजभोवतीचा मूळ रंग कायमचा जातो. शिवाय कपांच्या (छर्रे ज्यात बसतात त्या वाट्यांच्या) आट्यांवर पावडर बसली तर ती काढायला परत मजुरी. तुमचे निम्मे पैसे तिथंच संपतील आणि सायकल तरीही चालणार नाही. पैसा आधी फिरणाऱ्या भागांवर आणि ब्रेकवर घाला.

त्याआधी फ्रेम तपासा, याला दोऱ्याशिवाय काही लागत नाही. मागच्या एक्सलच्या डाव्या खाचेत दोरा बांधा, पुढं हँडलच्या नळीवरून वळवून उजव्या खाचेत ताणून बांधा. फ्रेमच्या सीटखालच्या उभ्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर फ्रेम वाकलेली आहे. मग चिमट्याचा (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा) वरचा जोड, हँडलच्या नळीखालचा भाग आणि बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पायडलचा एक्सल जिथं फिरतो तो भाग) मागच्या दोन नळ्या फडक्यानं पुसून उन्हात बघा. रंगावर केसासारखी रेघ असेल आणि त्यातून गंज झिरपत असेल तर ती बहुतेक चीर असते. बीबीचा तळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं ठोकून बघा. पावसाचं पाणी सीटच्या नळीतून उतरून तिथंच साठतं, त्यामुळे कोल्हापुरातल्या जुन्या सायकली आधी तिथं सडतात.

चीर निघालीच तर आर्क वेल्डिंग करू नका. नळी पातळ असते, ती जळते किंवा वेल्डच्या कडेला परत तुटते. उद्यमनगरात गॅसवर पितळेचं ब्रेझिंग करणारा कारागीर गाठा. या फ्रेमचे जोड मुळात तसेच केलेले आहेत.

लेथवाला_उद्यमनगर

प्रत्येक फेरीला एकदा ‘कट’ म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा कॉटर पिन (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, एक्सलवर घट्ट धरणारी पिन) सैल. तशीच चालवत राहिलात तर क्रँकचं भोक लांबट होतं, आणि मग नवी पिनही टिकत नाही.

पिन काढायची पद्धत: रात्री दोन्ही टोकांना डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून सोडा. सकाळी नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. पिनचं टोक आणि नट एका पातळीत ठेवा म्हणजे आटे वाचतात. क्रँकखाली जाड लोखंडी पाइप जमिनीपर्यंत उभा टेकवा. पिनचं डोकं पाइपच्या पोकळीत उतरलं पाहिजे. आधार नसेल तर घणाचा मार थेट बीबीच्या छर्‍यांवर बसतो आणि कपात खळगे पडतात. मग किलोभर वजनाच्या हातोडीनं एकच खणखणीत फटका. हळूहळू ठोकत बसलं की पिन वाकते, आणि मग ड्रिलशिवाय पर्याय राहत नाही.

नवी पिन घेताना जुनी सोबत न्या. रॅलेची ९.५ मिलिमीटरची असते. ९ ची घातली तर आज घट्ट वाटेल आणि आठवड्यात वाजेल. सपाट बाजूचा उतार जुन्या पिनशी जुळला पाहिजे, नाही तर कानशीनं जुळवून घ्या. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं बसतात: क्रँक वर असताना एकीचा नट पुढं येत असेल, तर दुसरा क्रँक वर आणल्यावर दुसऱ्या पिनचा नटही पुढंच आला पाहिजे. एकाच दिशेनं बसवल्या तर पायडल एका रेषेत येत नाहीत. ठोकून मग नट आवळा, नटानं पिन ओढून बसवायचा प्रयत्न करू नका. २०–२५ किलोमीटर चालवून परत ठोका आणि आवळा. हे दुसऱ्यांदा आवळणं चुकवलं की सगळी मेहनत वाया.

बाजारातल्या स्वस्त पिना मऊ असतात, चपटतात. लेथवर ईएन-८ स्टीलच्या सळईतून दोन करून घेतल्या तर जास्त टिकतील.

आता रॅलेचं खास. हिच्या बीबीचे आटे इंचाला २६ असतात, इतर बहुतेक सायकलींचे २४. दुकानातला साधा कप जोर लावून बसवला तर फ्रेमचे आटे कायमचे खराब होतात. म्हणून मूळ कप जपा. चेनच्या बाजूचा कप तर काढूच नका, जागेवरच साफ करा. काढावाच लागला तर त्याचे आटे उलटे आहेत, घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतो.

घाटाकाठ

पिनचं आता नीट कळलं. छर्रे किती आणि कोणत्या मापाचे घेऊ? आणि रिमचा गंज कशानं काढू? शेजारी म्हणतात मळीत (मोलॅसिसमध्ये) बुडवून ठेवा.

रॉडब्रेक

छर्रे सगळे नवीन घ्या, ओव्हरऑइलिंगमधला (सगळं खोलून, धुऊन परत जोडण्यातला) हा सगळ्यात स्वस्त भाग. बीबीत १/४ इंची, एका बाजूला ११. मागच्या हबमध्ये तेच, एका बाजूला ९. म्हणजे १/४ चे ४० लागतात, ४५ घ्या. पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची, एका बाजूला १०, ते २५ घ्या. हँडलचे जुने छर्रे मोजून, तसलेच न्या. जुने-नवे मिसळू नका: मोठ्या छर्‍यांवर सगळा भार येतो आणि कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट) खड्डे धरतो.

कोन हातात घेऊन नखानं तपासा. चकाकती गोल पट्टी चालते, नख अडकलं तर कोन बदला. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात जुने हब मिळाले तर त्यातले कोन बघा, पण आपला एक्सल सोबत नेऊन आटे लावूनच घ्या. लेथवर नुसता कोन कातून घेण्यात अर्थ नाही. त्याला केस हार्डनिंग (वरचा थर कडक करणं) केलं नाही तर महिन्या-दोन महिन्यांत खड्डे पडतात.

कोन आवळताना चाक हातात धरून फिरवा. खरखर लागली तर घट्ट, रिम आडवी हलली तर सैल. लॉकनट आवळला की कोन थोडा आणखी घट्ट होतो, म्हणून आधी किंचित सैल सोडायचा.

फ्रीव्हील उघडू नका आणि त्यात ग्रीस भरू नका. ग्रीसनं आतले कुत्रे (दात धरणाऱ्या खिट्ट्या) चिकटतात आणि पायडल रिकामं फिरतं. डिझेलनं धुवा, आवाज मोकळा आला की पातळ तेलाचे दहा-बारा थेंब सोडा.

गंजमुक्त

मळीबद्दल. चालते, हे खरं. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आठवडा ते दोन आठवडे. पण वास घरात टिकू देत नाही, ॲल्युमिनियम खाते, आणि साखर कारखान्याची मळी परवान्याशिवाय मिळत नाही. गुऱ्हाळाच्या काकवीवर पैसे घालवण्यापेक्षा ऑक्झॅलिक ॲसिड घ्या. रसायनांच्या किंवा रंगाच्या दुकानात पावडर मिळते, पाव-अर्धा किलोत दोन्ही रिम, हँडल, ब्रेकच्या सळया सगळं निघतं.

१० लिटर कोमट पाण्याला ३००–४०० ग्रॅम. प्लॅस्टिकच्या पसरट टबात रिमचा जेवढा भाग बुडेल तेवढा तासाभरानं फिरवत राहायचा. गंज किती आहे त्यावर तीन ते सहा तास लागतात. रात्रभर सोडलं तर पिवळी पूड बसते, ती घासून काढताना दमछाक होते. बाहेर काढल्यावर साध्या पाण्यानं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं (लिटरला दोन चमचे) धुवा, लगेच कोरडं करा, तेलाचं फडकं फिरवा. आपल्याकडं जुलै-ऑगस्टच्या हवेत उघडं लोखंड तासाभरात परत लाल होतं, म्हणून हे काम उघडीप बघूनच काढा.

हे ॲसिड विषारी आहे. रबरी हातमोजे, चष्मा, आणि स्वयंपाकघरातलं भांडं मुळीच नको. उरलेल्या पाण्यात कालवलेला चुना पांढरा गाळ बसायचा थांबेपर्यंत घाला. गटारातून ते पंचगंगेतच जातं, एवढं ध्यानात असू द्या.

संडास धुवायचं ॲसिड कधीच वापरू नका. ते क्रोमच्या खालचं लोखंड खातं आणि कडक स्टीलच्या स्पोकना ठिसूळ करतं. हलका गंज असेल तर पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून घासा, क्रोमला ओरखडा जात नाही.

रंगावर: साबणाच्या पाण्यानं पुसून, वाळवून, उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि पाव तासानं जादाचं पुसा. काळा रंग खोल दिसतो, रेघा उठतात. ज्या फडक्यानं तेल लावलं ते गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. जिथं लोखंड उघडं पडलंय तिथंच रेड ऑक्साइड आणि वर काळ्या इनॅमलचा बारीक ब्रश.

चाकजोडी

टायर घेताना नुसतं ‘अठ्ठावीस’ म्हणू नका. २८ × १ १/२, बाजूला ४०-६३५ लिहिलेलं हवं. ६२२ चा टायरही अठ्ठावीस म्हणूनच विकतात, तो या रिमवर बसत नाही. चेन १/२ × १/८ ची, गिअरच्या सायकलची बारीक नको. जुनी चेन ताणून १२ इंच मोजा: चोवीस कड्यांना १२ १/१६ निघाले तर चेन बदला, १२ १/८ निघाले तर फ्रीव्हीलही बदलावा लागेल.

रिमचा आउट (डुलणं) काढताना लोक फक्त डावं-उजवं बघतात. रॉड ब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या, हबकडच्या बाजूला दाबतात. त्यामुळे रिम वर-खाली उडत असेल तर ब्रेक एका जागी धरतो, दुसऱ्या जागी सुटतो. उंचीचा आउट आधी काढा, दीड-दोन मिलिमीटरच्या आत आणा. स्पोक तुटले असतील तर भोकं मोजा, पुढं ३२ आणि मागं ४० असतात. जुना स्पोक नमुन्याला न्या. निपल गंजले असतील तर तेल सोडून दोन दिवस थांबा, नाही तर स्पोक पिळून तुटतो.

गुटके चारही नवीन घ्या, रिमपासून ३ मिलिमीटर अंतर ठेवा. पावसात क्रोमच्या रिमवर पकड निम्म्याहून कमी होते, तेव्हा रंकाळ्याच्या उतारावर अंतर राखूनच चालवा.

घाटाकाठ

दोऱ्यानं मोजलं, फरक १ मिलिमीटर. चीर नाही. सीटची नळी मात्र हलत नाही.

लेथवाला_उद्यमनगर

फ्रेम चांगली आहे, आता निर्धास्त काम करा. नळीसाठी आधी सीटखालचा बोल्ट पूर्ण काढा, खाच पाचरीनं अर्धा मिलिमीटर उघडा. सायकल उलटी करून, एका बाजूचा कप काढलाच आहे तर बीबीतून डिझेल-तेल फ्रेमच्या उभ्या नळीत सोडा. तीन-चार दिवस रोज सोडायचं. मग सीट परत घट्ट बसवून दोन्ही हातांनी वर ओढत डावी-उजवीकडं पिळा. हालचाल आली की झालं. पाइप-पान्यानं नळी थेट धरू नका, चेंबते. गरम करायची वेळ आली तर आधी सगळं तेल पुसून काढा, आणि हे शेवटचा उपाय म्हणूनच, कारण तिथला रंग जाईल.

खर्चाचा क्रम: छर्रे-ग्रीस, पिना, टायर-ट्यूब, गुटके, चेन. एवढं झाल्यावर उरलं तर सीटचं चामडं. डायनॅमो आणि घंटी पुढच्या महिन्यात घ्या.