म्हातारपण आल्याचं कुत्र्या-मांजरांना कळतं का?

रानजाई
आमचा मोती तेरा वर्षांचा आहे. पूर्वी धावत येऊन सोफ्यावर उडी मारायचा. आता सोफ्यापाशी येतो, पुढचे पाय किंचित वाकवतो, वर बघतो आणि खालीच बसतो. उडी फसून पडलाय असं एकदाही झालेलं नाही, म्हणजे आधीच त्याचा अंदाज झालेला असतो. घरातले म्हणतात, म्हातारा झाला. माझं म्हणणं, हे त्यालाही ठाऊक आहे. नेमकं म्हातारपण म्हणून नसेल, पण 'आधी जमायचं, आता नाही' एवढं नक्की. तुम्हाला काय वाटतं?

सरळरेघ
मला नाही पटत. मागे कधीतरी उडी मारताना पाय दुखला, म्हणून आता टाळतो, एवढाच अर्थ निघतो. एकदा तोंड पोळलं की पिल्लूसुद्धा गरम भांड्याजवळ जात नाही. म्हातारपण कळायचं तर 'हा मी', 'मी आधी वेगळा होतो' आणि 'आता हे असंच उतरत जाणार' हे तिन्ही कळायला हवं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये चिंपांझींवर आरशाची कसोटी घेतली, तेव्हा चिंपांझींनी स्वतःच्या चेहऱ्यावर लावलेला डाग आरशात बघून चाचपला. कुत्री या कसोटीत नापास होतात. ती पहिल्याच पायरीवर अडली, तर तिसरीचं काय बोलायचं?

पाऊलखुणा
नाकावर जगणाऱ्या प्राण्याला आरसा दाखवून नापास करणं मला अन्यायाचं वाटतं. कुत्र्यांच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २०१७ च्या प्रयोगात कुत्र्यांनी स्वतःच्या लघवीचा नुसता वास थोडाच वेळ हुंगला, त्यात परका वास मिसळल्यावर जास्त वेळ. आणि २०२१ चा बुडापेस्टमधल्या संशोधकांचा प्रयोग बघा. कुत्रा चटईवर उभा, आणि त्याने मालकाला जी वस्तू उचलून द्यायची ती त्याच चटईला बांधलेली. वस्तू जमिनीला बांधली होती त्यापेक्षा चटईला बांधल्यावर कुत्री जास्त वेळा आणि लवकर चटईवरून उतरली. आपलंच अंग आड येतंय हे त्यांना कळत होतं. तुमची पहिली पायरी बरीचशी इथेच चढून झाली.

सरळरेघ
पहिली मान्य. तिसरी अजिबात नाही.

उंबरठा
वादापेक्षा मला दुसरीच काळजी वाटते. आमची मनी चौदाव्या वर्षी खिडकीत चढायची थांबली. 'तिला कळलंय, तिने स्वीकारलंय' असं म्हणत आम्ही आठ महिने काढले. मग पशुवैद्यांनी सांगितलं, संधिवात. त्यांच्या औषधाने तीन आठवड्यांत मनी पुन्हा खिडकीत! मग तिने स्वीकारलं होतं ते काय? नुसतं दुखणं. २००२ मधल्या एका पाहणीत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, त्यांतल्या ९० जणींत सांध्यांची झीज दिसली होती. मांजर दुखलं तरी क्वचितच ओरडतं, ते हालचाल कमी करतं आणि आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो. (माणसांची वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरांना विष आहे.)

रानजाई
हे वाचून पोटात कालवलं. मीही 'वय झालं' म्हणून गप्प बसले होते. पण एक सांगते. मोती नुसता थांबत नाही, तो माझ्याकडे बघतो, मग सोफ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. स्वतःला जमणार नाही म्हणून माझी मदत मागतो. आधीच्या बारा वर्षांत हे कधीच नव्हतं.

सरळरेघ
बघितलं की उचलून घेतात, हेही शिकता येतं. तुमच्या मायेवर मी शंका घेत नाहीये, निष्कर्षावर घेतोय.

सांजवेळ
आमची कुत्री पंधरा वर्षांची होती. रात्री दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उभी राहायची, दार उघडण्याची वाट बघत. जन्मभर त्याच दारातून ये-जा केलेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या ऱ्हासाचा आजार, उतारवयात बऱ्याच कुत्र्यांना होतो. दिवा लावून मी जवळ गेलो की ती थरथरत असायची. काहीतरी हातचं सुटतंय हे तिला जाणवत होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या जाणिवेला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

सरळरेघ
याला माझ्याकडे उत्तर नाही. नुसतं दुखणं टाळणं म्हणून हे समजावता येत नाही.

रानजाई
मोतीसाठी शनिवारची वेळ घेतली आहे. औषधाने तो सोफ्यावर चढला, तर 'आता जमत नाही' हे त्याला कळलं होतं हा माझा मुद्दा बराच लंगडा पडेल. पडू दे. तो चढलेलाच मला हवा आहे.