स्कॅनिंग म्हणजे नुसते फोटो नव्हेत
"जुने दस्तऐवज स्कॅन करून ठेवले तरी पुन्हा उघडून बघतंय कोण?" असं काही जण म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. हार्वर्ड लॉ स्कूलच्या ग्रंथालयाने १९४६ साली साडेसत्तावीस डॉलरला मॅग्ना कार्टाची, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या मध्ययुगीन सनदेची, एक प्रत घेतली होती. १३२७ सालची नक्कल, थोडी झिजलेली, ओलीचे डाग पडलेली, एवढीच तिची ओळख. डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचे इतिहासकार प्रा. डेव्हिड कार्पेंटर घरबसल्या या ग्रंथालयाची स्कॅन केलेली पानं बघत होते आणि नेमके या प्रतीपाशी थबकले. सुरुवातीला राजा एडवर्डच्या नावातला भला मोठा 'ई', मग त्याच ओळीतली उंच ताणलेली अक्षरं. हे तर अस्सल प्रतीचं लक्षण!

मग ग्रंथालयाने अतिनील प्रकाशात नव्याने छायाचित्रं काढून दिली, कारण शाई बरीच पुसट झाली होती. कार्पेंटर आणि दुसरे इतिहासकार प्रा. निकोलस व्हिन्सेंट यांनी, राजा एडवर्डने १३०० साली ही सनद पुन्हा जारी केली तेव्हाच्या, आज उरलेल्या सहा अस्सल प्रतींशी मजकूर ताडून पाहिला. तो तंतोतंत जुळला. मापंही जुळली. मे २०२५ मध्ये ही सातवी प्रत जाहीर झाली. जवळपास ऐंशी वर्षं ती त्याच ग्रंथालयात होती हो!